वासाचं पाणी

प्रिय क्रांती,

पत्र बघून दचकू नकोस, आपल्या घरातलं कोणी गेलेलं नाही. गुडघा सोडला तर मीही धड आहे. फोन सोडून म्हातारीनं हे काय काढलं म्हणशील. तर इथं डोंगराच्या माथ्यावर, सड्यावर, रेंज येते ती फक्त रिसॉर्टच्या ऑफिसच्या पायरीवर, आणि त्या पायरीवर तुझा बाप बसलेला असतो. दुसरं कारण असं की फोनवर मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले आहे. फोनवर ते सोपं पडतं, समोर तोंड नसतं. कागदावर मला जमत नाही, एकेक अक्षर जुळवायला एवढा वेळ लागतो की खोटं मधेच गळून पडतं. त्या खोट्यावर विसंबून तू राजवीरबरोबर समुद्रात बुड्या मारायला जायची जागा निवडायला बसली आहेस, आणि रविवारी बुकिंग पक्कं करणार म्हणालीस. त्याच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडलं पाहिजे, म्हणून उद्या सकाळी मलकापूरला भाजी आणायला गाडी जाईल तिच्याबरोबर देते, स्पीड पोस्टानं टाकायला सांगून. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच. आधी एकटीनं वाच, मग नवऱ्याला दाखव.

दिवाळीत तुम्ही दोघं आलता तेव्हाचं बोलते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माझ्या चुलीपुढं पाटावर बसून तू मला फोनमध्ये समुद्राचा तळ दाखवलास. मला वाटलेलं तळाला नुसता गाळ असेल. तर तिथं जांभळी-तांबडी झुडपं, आणि त्यातनं मासे असे फिरत होते जशी चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर माणसं, फक्त धक्काबुक्की नाही. तू म्हणालीस, आज्जी, ही झुडपं नव्हंत, हे पोवळं. माझ्या आईच्या गळ्यात पोवळ्याची सर होती, जन्मभर मी त्याला दगडच समजत आले. जिवंत असतं म्हणालीस, बोट लागलं तरी दुखावतं, उन्हासाठी अंगाला फासायच्या मलमानंसुद्धा मरतं, म्हणून तू न मारणारं मलम शोधून मागवलंस. राजवीर म्हणाला, आज्जी, तुम्हीपण चला, पाठीला हवेची टाकी बांधू. मी म्हणलं, बाबा, वर फुकटची हवा असताना विकतची घेऊन खाली कशाला जाऊ? खळखळून हसला. बरा आहे तुझा नवरा. हसताना तोंडावर हात धरत नाही.

पाण्याचं वेड तुला तुझ्या बापानं लावलं, हे विसरू नकोस. पुढं मी त्याच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचताना तर अजिबात विसरू नकोस. वारणाकाठच्या आपल्या रानातल्या विहिरीत तुला सहाव्या वर्षी पाठीला डबा बांधून त्यानं सोडलं. गावातली माणसं म्हणाली, बाळासो, पोरगीला कशाला शिकवतोस. तो म्हणाला, पाणी काय पोरगी-पोरगा विचारून बुडवतंय व्हय? दुसऱ्या उन्हाळ्यात डबा सुटला, तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याखाली डोळे उघडे ठेवायला त्यानं तुला शिकवलं. तू वर येऊन सांगायचीस, दादा, खाली कासव हाय. असा माणूस आहे तो. वाईट असता तर मला हे पत्र लिहायला एवढं जड गेलं नसतं.

आता तुझी तीन रिसॉर्टं. मी नावं विसरले, चेहऱ्यानं ओळखते. पहिलं पाण्यात लाकडी खांबांवर उभं, खोलीच्या जमिनीला काच, पलंगावर लोळून मासे बघायचे. ते तुला स्वतःलाच पटलं नव्हतं, खांब रोवायला पोवळंच फोडलं असणार म्हणालीस. दुसरं पन्नास खोल्यांचं, सगळं बांबूचं. दारात माडाची झावळी, प्लॅस्टिकची बाटली दिसणार नाही, प्यायची नळीसुद्धा बांबूची, आणि त्याला ते हिरवं पान मिळालेलं, पर्यावरण सांभाळल्याचा दाखला. त्याच्या जाहिरातीत एक ओळ होती ती तू मला मराठीत करून सांगितलीस, की आमच्याकडं वापरलेल्या पाण्याचा प्रत्येक थेंब स्वच्छ होऊन मातीला परत जातो. आणि म्हणालीस, आज्जी, हे अगदी तुझ्या रिसॉर्टसारखं हाय बघ, मी तुमच्यासाठी हेच लिहिलं होतं. तिसरं कौलारू, दहा खोल्या, एसी नाही, पंखेच. तू काय काय विचारलंस त्याला त्यांनी लांबलचक उत्तर पाठवलं आणि त्या उत्तरामुळंच तुझं मन उडालं. दोन वर्षांनी एकदा तर आम्ही फिरायला जाणार, त्यात ही रडगाणी कशाला ऐकायची, असं म्हणून तू फोन पालथा घातलास. शेवटी म्हणालीस, आज्जी, तू आता ह्यातली जाणकार, तुझं मत शेवटचं. मी भाकरी थापत राहिले. तुला वाटलं, ऐकू आलं नाही.

जाणकार आहे मी, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं झाली तुझ्या बापानं ह्या रिसॉर्टची मुकादमी घेऊन. त्यानंच उभं केलं, जोत्यापासून कौलापर्यंत. तुझी आई वारणानगरला घर धरून बसली, आणि मला रिसॉर्टच्या मालकांनी, विजयसिंह सरकारांनी मागून घेतलं, पावण्यांपुढं चुलीवर भाकरी करायला. तिथं घरात मी वीस वर्षं गॅसवर रांधत आले. इथं मला नऊवार नेसवून शेणानं सारवलेल्या झोपडीत बसवलंय आणि पुण्या-मुंबईची माणसं धुरात डोळे चोळत माझे फोटो काढतात. एका बाईनं विचारलं, आज्जी, पीठ जात्यावरचं का? मी म्हणलं, व्हय. जातं माझ्या शेजारीच ठेवलंय, त्याचा खुंटा बसवायचा अजून राहिलाय. माझ्या चुलीवर होतात वीस भाकरी आणि पन्नास पानं जेवतात, बाकीचं मागच्या स्वयंपाकघरात चार शेगड्यांवर शिजतं. ह्यात मला काही पाप वाटत नाही. तमाशा आहे, बघणाऱ्यालाही ठाऊक असतो. त्यांना पोटभर जेवण मिळतं आणि मला बसून काम.

पण मागच्या अंगाला जे चालतं ते दाखवायचं नसतं. तुझ्या त्या बांबूच्या नळ्या आमच्याकडंही आहेत. त्या येतात प्लॅस्टिकच्या पोत्यातनं आणि पोती जळतात गोठ्यामागं, मंगळवारी, पावणे नसतात तेव्हा. न्हाणीत ठेवायचा साबण मातीच्या सुरईत असतो, पातळ, गवती चहाच्या वासाचा. त्या सुरया रोज सकाळी मी भरते, निळ्या कॅनमधनं, ओगराळ्यानं. झाडपाल्याचा साबण म्हणून सांगायचं. झाडपाल्याचा असेलही, मी काय शिजवलेला नाही. पण तो वास माझ्या हाताला, पदराला, भाकरीच्या पिठाला सगळीकडं लागलेला असतो. डोळे बांधून शंभर वासांत ओळखीन.

आता खड्ड्याचं सांगते, कारण सगळं तिथनं सुरू झालं. संडास आणि न्हाणी, सगळ्या खोल्यांचं पाणी जायला तुझ्या बापानं एक मोठा खड्डा काढला, सड्याच्या कडेला, कोणाच्या नजरेला पडू नये असा. आपण काळ्या मातीतली माणसं. आपल्याकडं खड्डा काढला की काढला, माती पाणी धरून बसते, सावकाश जिरवते, तुझ्या आज्याच्या वेळेपासून तसंच. इथला डोंगर जांभ्या दगडाचा. पिराजी म्हणून म्हातारा आहे, जन्मभर जांभ्याचे चिरे काढलेला. तो कडेला बसून बिडी ओढत म्हणाला, मुकादम, ह्या दगडाच्या पोटात भोकं असत्यात, मुंग्यांच्या वारुळागत. ह्यात वतलेलं कुठनं भाईर येईल ते देवाला ठावं. खालनं-बाजूनं सिमेंट करा. तुझा बाप म्हणाला, पिराजी, वारणाकाठी माझ्या हातानं पंधरा खड्डे काढलेत, एक गळला न्हाय, तू मला खड्डा शिकवू नको. मीपण हसले तेव्हा. हे लिहिलंच पाहिजे, मीपण हसले.

सड्याच्या खाली वाडी आहे. तू वरनं बघितली असशील, वीस-बावीस घरं, भाताची खाचरं. वाडीचं पाणी एकच, सड्याच्या पायथ्याला कातळातनं येणारा झरा, बारमाही. तिथली चिमणाबाई माझ्याकडं ताक घेऊन यायची, माझ्याच वयाची, तोंडानं माझ्यासारखीच. आमचं जमायचं. ह्या श्रावणात ती धावतपळत वर आली आणि मला म्हणाली, बाई, आमच्या झऱ्याला सुगंध सुटलाय. पहाटंचं पाणी हातात घेतलं की फुलागत वास येतोय. आसरा आल्यात झऱ्यावर, पाण्याच्या देवी, साती जणी. तुम्ही या बघायला, शुक्रवारी वट्या भरायच्या हायत.

मी गेले. गुडघ्याला फडकं बांधून, काठी टेकत उतरले. झऱ्याच्या कातळावर सात खडे मांडून शेंदूर लावलेला, हिरवे खण, नारळ, वाडीतल्या सगळ्या बाया नटून आलेल्या. चिमणाबाईची सून वर्षाराणी पोटुशी होती, चौथा महिना, तिला पुढं बसवून तिची ओटी भरली. मग चिमणाबाईनं झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन माझ्यापुढं धरलं. मी विधवा, ओटीत माझा हात नाही, पण थोरली म्हणून मान दिला. पाणी नाकाशी आलं आणि मला काय ते कळलं, क्रांती. सकाळीच मी सुरया भरल्या होत्या. माझ्या हातालाही तोच वास होता. बाया बघत होत्या. चिमणाबाई म्हणाली, तुमच्याकडं मोठ्या मोठ्या माणसांचं येणं-जाणं, तुम्हाला जग ठावं. तुम्हीच सांगा, आसराच की न्हाय?

मी म्हणलं, व्हय, आसराच.

असं का म्हणलं ते मी तुला धड सांगू शकत नाही. तिथल्या तिथं काय सांगायचं? की बायांनो, उठा, हा माझ्या पोरानं काढलेल्या खड्ड्याचा वास आहे, ह्यात वर साबण आहे आणि खाली काय आहे ते तुमचं तुम्ही समजा? एवढ्या नटलेल्या, एवढ्या हरखलेल्या. हेही खरं. पण ते पुढं करून मी लपणार नाही. मला पहिला आठवला तो बाळासो. मालक काय म्हणेल, वाडी काय करील, पोलीस येतील का. ओंजळीतलं पाणी मी पदराआड सांडलं, प्यायल्यासारखं केलं. स्वतः नाही प्याले. त्यांना पिऊ दिलं.

वर आल्या आल्या तुझ्या बापाला गाठला. ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला, ते मी बघितलं, तो नाटक करत नव्हता. तो म्हणाला, आई, आता खड्डा उकरला तर दोन महिने सगळं बंद ठेवायला लागंल, हंगाम तोंडावर आलाय, सरकार मला दारात उभं करणार न्हाईत. मेमध्ये पक्की टाकी बांधतो. जोतिबाची आण घेतली त्यानं. मी म्हणलं, मेपर्यंत वाडीनं काय प्यायचं? तो म्हणाला, झरा वाहता हाय, वाहत्या पाण्याला काय हुतंय. ही वारणाकाठची अक्कल. आणि मी गप्प बसले. मला पटलं नव्हतं, तरी बसले.

वाडीत मात्र उलटं झालं. पूर्वी झऱ्याचं पाणी गरज पडंल तेवढं नेत होते, आता तीर्थ म्हणून नेऊ लागले. तापलेल्याला तेच, बाळंतिणीला तेच. पाहुण्यांना तांब्या भरून तेच. वासाचं पाणी म्हणायला लागले. पूर्वी चिमणाबाई पावसाळ्यात पाणी उकळून गाळून घ्यायची, तिनं ते सोडलं, देवीचं पाणी उकळायचं कसं. वर्षाराणीला रोज पहाटे तीन ओंजळी पाजायची, नातू सुगंधी निपजंल म्हणून. आणि आपल्या रिसॉर्टनं काय केलं? पावण्यांना सकाळच्या फिरण्यात तो झरा दाखवायला सुरू केला. तिथं उभं राहून माणसं वास घेतात आणि म्हणतात, वा, निसर्ग.

भाद्रपदात तुझा फोन आला. हिरव्या पानाचा अर्ज तुझ्या बापानं तुझ्याकडनं इंग्रजीत लिहून घेतला तेव्हाचा. तू मुद्दाम मला पायरीवर बोलावून विचारलंस. म्हणालीस, दादा सांगतात ते ठीक हाय, पण तुझ्या तोंडानं ऐकायचं, मी खोटं लिहिणार न्हाय, सांडपाणी कुठं जातं? तुझा बाप शेजारी उभा होता, माझ्याकडं न बघता. मी म्हणलं, मागं केळीची बाग हाय, केळीला जातं. तू म्हणालीस, बस झालं, आता मी लिहिते. ते खोटं हे. केळी आहेत, चार खुंट. त्यांना मी भांडी विसळलेलं पाणी घालते.

म्हणून तुझ्या त्या दुसऱ्या रिसॉर्टची ओळ ऐकली आणि माझा हात पिठात तसाच राहिला. प्रत्येक थेंब मातीला परत. तशी ओळ लिहिणारी कोणीतरी क्रांती तिथंही असणार. ती प्रामाणिक असेल, तुझ्यासारखीच, विचारल्याशिवाय लिहिणार नाही. पण तिनं कोणाला विचारलं आणि त्या माणसाच्या शेजारी कोण उभं होतं, ते तुला ठाऊक नाही. पान मला खोटं म्हणायचं नाही, कुठं खरंही मिळत असेल. मी एवढंच सांगते की पान देणारी माणसं इथं आली ती माझ्या चुलीपुढं बसून जेवली, त्यांनी केळी बघितली आणि झऱ्याचा वास घेतला.

तुला जागा बघायची असेल तर अशी बघ. मालकाला विचारू नकोस, जाहिरात वाचू नकोस. भांडी घासणाऱ्या बाईला विचार, पाणी कुठं जातं आणि त्याच्या खाली कोण राहतं. बेटावर खाली समुद्रच असणार, म्हणजे तुझं ते पोवळं. तू अंगाला लावायचं मलम एवढं पारखून घेतलंस आणि पन्नास खोल्यांचा संडास कुठं मोकळा होतो ते विचारलं नाहीस, ह्याला काय म्हणावं? कचरा कुठल्या वाराला जळतो ते विचार. प्यायचं पाणी कुठनं येतं, त्यांनी ओढल्यावर गावाच्या विहिरीत उरतं का, ते विचार. गावची किती माणसं कामाला आहेत आणि ती आपल्या पोरांना तिथल्या किनाऱ्यावर पोहायला सोडतात का, हे नक्की विचार. बुडी मारायला नेणारी होडी कशी थांबवतात तेही. तूच म्हणालीस की लोखंडी नांगर टाकला की पोवळं मोडतं. आणि ज्याची उत्तरं फार गोड येतील त्याला सोडून दे.

आपली पसंती तिसऱ्याला. तू रडगाणं म्हणालीस ते मी नीट ऐकलं होतं. त्यांनी लिहिलंय की आमची मैलापाण्याची टाकी दहाच खोल्यांपुरती आहे, म्हणून अकरावी खोली बांधली नाही, आणि अतिपावसात टाकीवर भार येतो तेव्हा रिसॉर्ट बंद ठेवतो. होड्या पाण्यात बांधून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला अडकवतो, नांगर टाकत नाही. नवख्याला आधी दोन दिवस पाण्याखाली नुसत्या वाळूवर फिरवतो, हात-पाय आवरायला शिकला तरच पोवळ्याकडं नेतो, नाही शिकला तर नाही नेत. एका बाजूचं पोवळं आमच्याच चुकीनं मेलंय, तेही दाखवतो. ज्याला आपलं मेलेलं दाखवायची लाज वाटत नाही त्याच्याकडं जा. पंख्याखाली झोपल्यानं कोणी मरत नाही. तरी तिथल्या भांडी घासणाऱ्या बाईला विचार.

दिवाळीत तुम्ही गेलात आणि आठ दिवसांनी वाडीत कावीळ आली. पहिली दोघं, मग नऊ. डोळे हळदीसारखे. ज्वान माणसं उठली, हिंडायला लागली. वर्षाराणी नाही उठली. पोटुशा बाईला ती कावीळ फार धरते म्हणे. तिचा नवरा आकाराम, चिमणाबाईचा पोरगा, तिला कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. अठरा दिवस होती. ती वाचली. पोर गेलं, सातव्या महिन्यातलं, मुलगी होती. डॉक्टरनं चिमणाबाईला विचारलं, पाणी कसलं पिता? ती म्हणाली, आमचं पाणी चांगलं हाय, आसरांचं हाय. डॉक्टरनं काय सांगितलं असेल ते तू समज. परत आल्यावर तिनं ते सात खडे उचलून ओढ्यात फेकले आणि एकटी वर आली, माझ्या झोपडीपर्यंत. पावणे जेवत होते. मला वाटलं आता ही सगळ्यांसमोर माझा उद्धार करणार, आणि केला असता तर बरं झालं असतं. ती खाली वाकली, माझा हात धरला, नाकाशी नेला. मग सोडला आणि निघून गेली. ताक घेऊन येत नाही आता.

हे पत्र आजच का लिहिलं ते आता सांगते. काल दुपारी विजयसिंह सरकार आणि तुझा बाप माझ्या चुलीपुढं बसून बोलत होते. माझ्यापुढं कोणी आवाज बारीक करत नाही. आकारामनं पंचायत समितीत अर्ज दिला आहे आणि त्याची नक्कल हिरव्या पानाच्या लोकांनाही गेली आहे. त्यांनी खुलासा मागितला आहे, इंग्रजीत. खुलासा असा ठरलाय की वाडीची म्हसरं झऱ्यात बसतात, त्यानं पाणी नासलं, रिसॉर्टचा संबंध नाही. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. आणि लिहिणार तू. तुझा बाप शनिवारी तुला फोन करील. दमलेल्या आवाजात बोलेल, आणि तो खरंच दमलाय. तू शंका काढलीस तर म्हणेल, आज्जीला विचार, तिनं डोळ्यांनी बघितलंय, आणि मला पायरीवर बोलावून फोन माझ्या हातात देईल. आज्जीनं काय बघितलं ते तू वर वाचलंस. तू तो कागद लिहू नकोस. अर्जातली केळीची ओळ तुझी नाही, माझी आहे, ती माझ्या नावावर घालून त्या लोकांना खरं काय ते कळव. सोमवारी पंचायत समितीची माणसं बघायला येणार आहेत. खड्ड्यावर माती पसरून शेवंती लावली आहे, नवख्या माणसाला सात दिवस हिंडून सापडणार नाही. मी त्यांना तिथं घेऊन जाणार आहे. तुझ्या बापाला हे रविवारी रात्री जेवताना सांगीन, आधी सांगितलं तर तो मला गाडीत घालून तुझ्या आईकडं पोचवील. ऐकून तो ताटावरून उठेल. उठू दे. ताट झाकून ठेवीन.

तुझीच,
आज्जी